आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक व त्याचा ताळा

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा पुढील शिक्षणासाठीं जर्मनींत गेला आहे हें आम्हांस ठाऊक होतें; तेव्हां कांहीं आनंदाची वार्ता असेल असें वाटून आम्हीं त्यांस आंत बोलाविलें. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाहीं. त्यांनीं खिशांतून घडी घातलेला एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला व ते म्हणाले, "सर, बँकेचे लोक म्हणतात कीं हा नंबरच चुकीचा आहे. दोनदां परत पाठविलें मला. पोरगा म्हणतो नंबर बरोबर आहे. आतां खरें कोणाचें धरूं? शुक्रवारपर्यंत भाडें गेलें नाहीं तर त्याला खोली सोडावी लागेल."

कागदावर दोन इंग्रजी अक्षरें व त्यांपुढें वीस आंकडे होते. मुलानें आपल्या तेथील खात्याचा क्रमांक फोनवरून सांगितला होता व वडिलांनीं तो ऐकून उतरून घेतला होता. त्या कागदापुढें बसून आम्हांस व आमच्या वर्गास त्या दिवशीं जें शिकावयास मिळालें, आणि जी एक चूक आमच्या हातून होतां होतां राहिली, तें सर्व येथें लिहून ठेवावें असें मनांत आलें; कारण आमच्या गांवांतून परदेशीं गेलेलीं मुलें आतां थोडीं नाहींत, आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढें असा कागद केव्हां ना केव्हां तरी येणारच.

ह्या क्रमांकास त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून 'आयबॅन' म्हणतात. मराठींत आपण त्यास आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक म्हणूं. नांव मोठें असलें तरी वस्तु अगदीं नवी नाहीं. जुन्याच खातेक्रमांकावर चढविलेला तो एक अंगरखा आहे. युरोपांतील प्रत्येक देशानें आपापल्या सोयीप्रमाणें खात्यांस क्रमांक दिले होते. जर्मनींत बँकेचा आठ आंकडी क्रमांक वेगळा व खात्याचा दहा आंकड्यांपर्यंतचा क्रमांक वेगळा. बेल्जियममध्यें दोन्ही मिळून बारा आंकडे. ब्रिटनमध्यें शाखेचे सहा आंकडे व खात्याचे आठ. फ्रान्समध्यें तर आंकड्यांत अक्षरेंहि मिसळूं शकत. एका देशांतील कारकुनास दुसऱ्या देशाचा क्रमांक पाहून त्यांत बँक कोणती व खातें कोणतें हें उमगणें कठिण होई. एखादा आंकडा गळला तर तो गळला आहे हें कळण्यासहि मार्ग नसे, कारण मुळांत किती आंकडे असावयास पाहिजेत हेंच त्यास ठाऊक नसे. मग पैसे मध्येंच अडकून पडत, माणसें बसवून ते सोडवावे लागत, व त्याचा भुर्दंड बहुधा गिऱ्हाइकाच्या माथीं येई.

ह्यावर जो तोडगा निघाला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. कोणत्याहि देशाची जुनी पद्धत मोडावयाची नाहीं. फक्त जुन्या क्रमांकाच्या आधीं देशाचीं दोन अक्षरें व त्यांपुढें ताळ्याचे दोन आंकडे लिहावयाचे. आपण पत्रावर घराचें नांव न बदलतां त्याच्या जोडीला गांव व तालुका लिहितों, त्यांतलाच हा प्रकार. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९९७ सालीं १३६१६ ह्या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध करून ही रीत सर्व जगापुढें ठेविली. त्या मानकांत थोडी ढिलाई होती ती युरोपांतील बँकांच्या मानक समितीनें आवळली: अक्षरें असतील तर तीं मोठ्या लिपींतलींच असावीं, आणि प्रत्येक देशाच्या क्रमांकाची लांबी एकदां ठरली म्हणजे ठरली. जगांतील अशा सर्व क्रमांकांच्या नमुन्यांची नोंदवही सध्यां 'स्विफ्ट' ही संस्था ठेविते. १९७३ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेचें मुख्य ठाणें बेल्जियममधील ला हुल्प येथें आहे. युरो चलन वापरणाऱ्या देशांत २०१४ सालापासून देशांतल्या देशांत पैसे पाठवितांनाहि हाच क्रमांक रूढ झाला, त्यामुळें जर्मनींत गेलेल्या मुलास तो पहिल्या आठवड्यापासूनच लागतो.

लांबी देशागणिक निराळी आहे, पण एका देशांत ती कधीं बदलत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. नॉर्वेचा क्रमांक पंधरा चिन्हांचा, बेल्जियमचा सोळा, जर्मनीचा व ब्रिटनचा बावीस, फ्रान्सचा सत्तावीस, माल्टा ह्या चिमुकल्या बेटाचा मात्र एकतीस! कोणत्याहि देशास चौतीस चिन्हांच्या पुढें जातां येत नाहीं. युरोपाबाहेरहि पुष्कळ देशांनीं ही पद्धत घेतली. कोंकणांतून व गोव्यांतून जेथें आमचीं इतकीं माणसें कामास जातात त्या आखातांतील संयुक्त अरब अमिरातींत ती २०११ सालीं आली. तेथील क्रमांक तेवीस चिन्हांचा असतो, सौदी अरबस्तानांतील चोवीस, कुवेतमधील तीस. तेव्हां क्रमांक हातीं येतांच पहिलें काम म्हणजे चिन्हें मोजणें. आम्हीं त्या गृहस्थांच्या कागदावरील चिन्हें मोजलीं. 'डी' व 'ई' हीं जर्मनीचीं दोन अक्षरें, पुढें वीस आंकडे, एकूण बावीस. लांबी बरोबर होती. म्हणजे आंकडा गळला नव्हता. चूक असेल तर ती आंतच कोठें तरी होती.

ती आहे हें बँकेच्या संगणकास कसें कळलें? त्यास जर्मनींतील खात्यांची यादी ठाऊक नव्हती. त्यानें फक्त ताळा पाहिला होता.

ताळा हा शब्द आमच्या जुन्या पंतोजींनीं आजोबा-पणजोबांस छडीच्या धाकानें शिकविलेला आहे. मोठा गुणाकार केला कीं नवांचा ताळा घ्यावयाचा: प्रत्येक संख्येंतील आंकड्यांची बेरीज करीत एक आंकडा उरेपर्यंत जावयाचें, त्या आंकड्यांचा गुणाकार करून पाहावयाचा, व उत्तराच्या ताळ्याशीं तो जुळतो कीं नाहीं तें पाहावयाचें. रीत सुटसुटीत आहे, पण तींत एक मोठें भोंक आहे. ५३९० च्या ठिकाणीं घाईनें ५९३० लिहिलें तर आंकड्यांची बेरीज तीच राहते व नवांचा ताळा बिनतक्रार बसतो. दहास नवांनीं भागल्यास बाकी एक, शंभरासहि एक, हजारासहि एक. म्हणून नवांच्या ताळ्यास स्थानाची किंमतच कळत नाहीं. आणि माणसाची लेखणी तर नेमकी अशाच जागीं घसरते: दोन आंकडे जागा बदलतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकास नवांचा नव्हे, सत्त्याण्णवांचा ताळा लाविला आहे. ९७ ही दोन आंकडी संख्यांतील सर्वांत मोठी मूळसंख्या. एखादा आंकडा चुकला तर संख्येंत जो फरक पडतो तो एक ते नऊ यांपैकीं कोणत्या तरी आंकड्यापुढें शून्यें मांडून झालेला असतो. त्यास ९७ नें कधींच निःशेष भाग जात नाहीं, म्हणून एका आंकड्याची चूक सुटूं शकत नाहीं. दोन आंकड्यांची अदलाबदल झाली तर फरकांत ९, ९९, ९९९ अशी नुसत्या नवांची संख्या गुणक म्हणून येते. अशा संख्येस ९७ नें भाग जावयाचा तर निदान शहाण्णव नऊ ओळीनें मांडावे लागतात! चौतीस चिन्हांच्या क्रमांकांतील सर्व चिन्हें अक्षरें असलीं व त्या प्रत्येकाचे दोन आंकडे केले तरी तो अडुसष्टांच्या पुढें जात नाहीं. तेव्हां अदलाबदलहि पकडली जाते. शहाण्णव नवांची गोष्ट ज्यांस खरी वाटत नसेल त्यांनीं १ ला ९७ नें भागून दशांश किती स्थळांनंतर पुन्हां फिरून येतात तें स्वतः पाहावें. एक रविवार चांगला जाईल.

आतां प्रत्यक्ष ताळा घेऊं. कोणाचें खातें उघड्यावर मांडणें बरें नव्हे, म्हणून नोंदवहींत नमुना म्हणून दिलेला बेल्जियमचाच क्रमांक घेतों. तो असा आहे: बी ई ६८ ५३९० ०७५४ ७०३४. वाचण्यास सोपें जावें म्हणून कागदावर चार चार चिन्हांचे गट पाडून लिहिण्याची रीत आहे; संगणकास देतांना मोकळी जागा सोडीत नाहींत.

पहिलीं चार चिन्हें, म्हणजे देशाचीं दोन अक्षरें व ताळ्याचे दोन आंकडे, उचलून शेवटीं न्यावीं. मग अक्षरांच्या जागीं आंकडे घालावे: ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, सी म्हणजे १२, असें करीत झेड म्हणजे ३५. आपल्या उदाहरणांत बी म्हणजे ११ व ई म्हणजे १४. संख्या झाली ५३९००७५४७०३४१११४६८. हिला ९७ नें भागावयाचें. भागाकार किती आला ह्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं, बाकी तेवढी हवी. म्हणून तुकड्या-तुकड्यांनीं भागलें तरी चालतें. पहिले नऊ आंकडे ५३९००७५४७ घेतले तर बाकी ८१ उरते. ह्या ८१ पुढें पुढील सात आंकडे मांडले कीं ८१०३४१११४ होतात, बाकी १०. त्यापुढें उरलेले ६८ मांडले कीं १०६८. सत्त्याण्णव अकरा १०६७, बाकी एक. एक उरला कीं ताळा बसला. कोणत्याहि देशाचा आयबॅन असो, शेवटीं एकच उरला पाहिजे.

बँक हे ताळ्याचे आंकडे काढते तरी कसे? त्यांच्या जागीं प्रथम दोन शून्यें धरावयाचीं, हाच भागाकार करावयाचा, व जी बाकी उरेल ती ९८ मधून वजा करावयाची. वरील उदाहरणांत शून्यें घालून भागल्यास बाकी ३० उरते. ९८ मधून ३० गेले, राहिले ६८.

त्या दिवशीं आम्हीं तो कागद घेऊन तासावर दहावीच्या वर्गांतच गेलों. मुलांनीं पाटीवर भागाकार केला, दोघांनीं वहींत केला. तिन्ही ठिकाणीं बाकी एक आली नाहीं. बँकेचे लोक खरें बोलत होते. आमच्या वर्गांत गणिताची उत्तम गति असलेला एक मुलगा आहे. त्यानें हात वर केला व म्हणाला, "सर, ह्यांतला कोणता आंकडा बदलला म्हणजे एक उरेल तें मी काढूं?" आम्हांस कौतुक वाटलें. दहा मिनिटांत त्यानें तो आंकडा काढला, बदलला, आणि ताळा घेऊन दाखविला. बाकी बरोबर एक! वर्गानें टाळ्या वाजविल्या. आम्हींहि वाजविल्या, हें कबूल करणें प्राप्त आहे. सुधारलेला क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहून आम्हीं त्या गृहस्थांच्या हातीं दिला, व ते बँक बंद होण्यापूर्वीं पोंचावें म्हणून जिना उतरूं लागले.

ते तळमजल्यावर पोंचले असतील नसतील, तोंच त्यांच्या मोबाईलवर मुलानें पाठविलेलें चित्र आलें. आमच्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हां उन्हाळ्यांत जर्मनींत सकाळचे साडेदहाच होतात. पोर तासास बसला होता, सुटी होतांच त्यानें आपल्या बँकेच्या कार्डाच्या मागील बाजूचें चित्र काढून धाडिलें. वडील पुन्हां वर आले. आम्हीं कार्डावरील क्रमांक व आमचा सुधारलेला क्रमांक शेजारीं ठेवून पाहिले, आणि आमच्या अंगावर कांटा आला. ते दोन निराळे क्रमांक होते. मुलानें फोनवर 'त्र्याऐंशी' म्हटलें होतें, वडिलांनीं 'त्र्याण्णव' ऐकलें होतें. चूक तेथें होती. आमच्या हुशार विद्यार्थ्यानें बदललेला आंकडा भलत्याच जागेचा होता. ताळा दोन्ही क्रमांकांचा बसत होता.

हें कसें झालें तें त्याच बेल्जियमच्या नमुन्यावर दाखवितां येतें. समजा, उतरून घेतांना पांचव्या स्थानावरील ० च्या जागीं १ पडला व क्रमांक ५३९० १७५४ ७०३४ झाला. ताळा घेतला तर बाकी १६ उरते; चूक पकडली गेली. आतां ती दुरुस्त करावयाची. तो १ पुसून पुन्हां ० केला तर अर्थातच ताळा बसतो. परंतु तो १ तसाच ठेवून सातव्या स्थानावरील ५ चा २ केला, म्हणजे ५३९० १७२४ ७०३४ असें लिहिलें, तरीहि बाकी एकच उरते! कारण सरळ आहे. पांचवें स्थान एक लाखाचें धरलें तर सातवें स्थान एक हजाराचें होतें. एका जागीं लाख वाढले व दुसऱ्या जागीं तीन हजार घटले, निव्वळ फरक ९७,००० पडला, आणि त्यास ९७ नें पुरा भाग जातो. ताळ्यास हा फरक दिसणें शक्यच नाहीं. बेल्जियमच्या क्रमांकांत शेवटचे दोन आंकडे हा त्यांचा स्वतःचा जुना ताळा आहे, पहिल्या दहा आंकड्यांना ९७ नें भागून आलेली बाकी. त्यासहि हा फरक दिसत नाहीं.

तात्पर्य असें कीं, चूक आहे एवढें ताळा सांगतो. ती कोठें आहे हें सांगत नाहीं. वीस आंकड्यांच्या चुकीच्या क्रमांकांत एखादाच आंकडा बदलून ताळा बसविण्याच्या बहुधा एकाहून अधिक वाटा निघतात, आणि त्यांतील एकच खरी असते. आम्हीं दिलेल्या क्रमांकाचें खातें जर्मनींत नसतें तर पैसे कांहीं दिवसांनीं, कापून-छाटून, परत आले असते व शुक्रवार टळून गेला असता. असतें, तर ते एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यांत जाऊन बसले असते. युरोपीय संघाच्या २०१५ सालच्या पैसे-सेवाविषयक कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, गिऱ्हाइकानें दिलेल्या क्रमांकावर बँकेनें पैसे पोंचविले म्हणजे तिचें काम बरोबर झालें; क्रमांकच चुकीचा दिला असेल तर बँकेनें पैसे परत मिळविण्याचा वाजवी प्रयत्न करावा, पण दोष तिचा नाहीं. त्या गृहस्थांनीं पतपेढींतून उचललेले ते पैसे होते. गणित शिकवून आम्हांस वीस वर्षें होऊन गेलीं, आणि गणिताच्याच भरांत आम्ही परक्याच्या पैशांशीं असा खेळ करावयास निघालों होतों, ह्याचें आम्हांस अद्याप वाईट वाटतें. चुकीचा क्रमांक सुधारण्याची एकच रीत आहे: ज्याचें खातें त्यास पुन्हां विचारणें.

जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' असें संख्यावाचन सुचविलें गेलें तेव्हां फार गदारोळ झाला, व आम्हींहि त्या वेळीं जुन्या 'एकवीस, बावीस'ची बाजू घेतली होती. ती अजूनहि घेतों. पण फोनवरून खातेक्रमांक सांगावयाचा असेल तर त्र्याऐंशी-त्र्याण्णव, एकोणसाठ-एकोणसत्तर ह्यांच्या वाटेस न जातां एकेक आंकडा सुटा उच्चारावा, चार आंकड्यांनंतर थांबावें, व ऐकणाऱ्यानें ते परत म्हणून दाखवावे. त्याहून बरें, लिहूनच पाठवावा.

पालकांनीं हा क्रमांक मागावयाचा कोठून? खातेदाराकडून, आणि त्यानेंहि तो बँकेच्या खातेउताऱ्यावरून, कार्डावर छापला असल्यास त्यावरून, किंवा बँकेच्या स्वतःच्या संगणकीय खातेपानावरून उतरून द्यावा. बँकेचा क्रमांक व खात्याचा क्रमांक ठाऊक आहे, मग मधलीं शून्यें भरून व वरील रीतीनें ताळा काढून आपणच आयबॅन तयार करूं, असा मोह हुशार मुलांस होईल. तो आवरावा. जर्मनींतील कांहीं बँकांचे शून्यें भरण्याचे स्वतःचे निराळे नियम आहेत. घरीं तयार केलेला क्रमांक ताळ्यास उतरेल आणि तरीहि खऱ्या क्रमांकाहून निराळा असेल.

ह्याच मोहाचें दुसरें रूप आपल्या गांवांत अधिक आढळतें. मुलगा दुबईहून किंवा लंडनहून घरीं पैसे पाठवूं पाहतो, तेथील अर्जांत 'आयबॅन' अशी चौकट असते, आणि तो आईस विचारतो, "आई, आपला आयबॅन काय?" आई पासबुक चाळते, तेथें तो सांपडत नाहीं, मग शेजारचा कोणी तरी संगणकावर शोधून एक क्रमांक काढून देतो. तो क्रमांक खोटा असतो, कारण भारतीय बँकांच्या खात्यांस आयबॅन नसतोच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व चीन ह्यांनींहि ही पद्धत घेतलेली नाहीं. परदेशांतून आपल्याकडे पैसे यावयाचे असतील तर खातेदाराचें बँकेंतील नांव, पुरा खातेक्रमांक, शाखेचा आय. एफ. एस. सी., व बँकेचा स्विफ्ट संकेत ह्या गोष्टी द्याव्या. अर्जांत देश म्हणून भारत निवडला कीं बहुधा ह्याच चौकटी पुढें येतात. आय. एफ. एस. सी. अकरा चिन्हांचा असतो: पहिलीं चार अक्षरें बँकेचीं, पांचवें चिन्ह नेहमीं शून्य, शेवटचीं सहा शाखेचीं. पांचव्या जागीं पुष्कळ जण इंग्रजी 'ओ' लिहितात. तें शून्य आहे. स्विफ्ट संकेत आठ किंवा अकरा चिन्हांचा असतो: चार बँकेचीं, दोन देशाचीं, दोन ठिकाणाचीं, आणि असलीं तर तीन शाखेचीं. आमच्या आय. एफ. एस. सी. मध्यें ताळ्याचा आंकडा नाहीं. म्हणून तेथें डोळ्यांचाच ताळा, आणि तो दोन माणसांनीं घेतलेला बरा.

आणखी एका गोष्टीकडे परदेशीं मुलें धाडणाऱ्या पालकांचें लक्ष वेधणें आवश्यक आहे. सत्त्याण्णवांचा ताळा क्रमांकाविषयीं बोलतो, माणसाविषयीं नाहीं. खोली दाखविण्याआधींच अनामत मागणारा लबाड घरमालक जो क्रमांक देतो त्याचाहि ताळा बिनचूक बसतो, कारण खातें खरेंच असतें. खोली तेवढी नसते. "संगणकानें नंबर घेतला, म्हणजे माणूस खरा" असें म्हणतांना आम्हीं पालकांस ऐकलें आहे. हा समज घातक आहे. देशाचीं दोन अक्षरें मात्र अवश्य पाहावीं: घर जर्मनींतलें सांगतात आणि क्रमांक दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनीं सुरू होतो, तर आधीं चौकशी करावी. तेवढ्यावरून कोणास चोर ठरवूं नये, कारण युरोपांत एका देशांत राहून दुसऱ्या देशांत खातें ठेवण्यास मोकळीक आहे.

नांव व क्रमांक जुळतात कीं नाहीं हें पाहण्याची सोय अलीकडे होऊं लागली आहे. ब्रिटनमध्यें ती २०२० सालीं सुरू झाली. युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांस पैसे पाठविण्यापूर्वीं घेणाऱ्याचें नांव पडताळून दाखविणें ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झालें. आपल्याकडेहि रिझर्व्ह बँकेनें आर. टी. जी. एस. व एन. ई. एफ. टी. ह्या दोन मार्गांनीं पैसे पाठविणारास खातेदाराचें नांव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांस सांगितलें होतें. मात्र युरोपांतील ती सोय तेथील आपसांतल्या व्यवहारांसाठीं आहे. आमच्या गांवच्या बँकेंतून जर्मनीस जाणाऱ्या रकमेस ती मिळेल असें धरून चालूं नये.

त्या गृहस्थांनीं कार्डाचें चित्र पाहून क्रमांक पुन्हां उतरून घेतला. ह्या वेळीं त्यांनीं एकेक आंकडा मोठ्यानें वाचला व आमच्या त्याच गणिती विद्यार्थ्यानें चित्राशीं ताडून पाहिला. पैसे बुधवारीं निघाले व शुक्रवारीं सकाळीं मुलाच्या खात्यांत जमा झाले. त्या विद्यार्थ्यानें आपला 'सुधारलेला' क्रमांक वहींतून खोडला नाहीं. त्यावर लाल शाईनें फुली मारून तो तसाच ठेविला आहे.

वाचक विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. नॉर्वेच्या नमुन्याच्या क्रमांकांतील ताळ्याचे दोन आंकडे आम्हीं झांकले आहेत: एन ओ  ८६०१ १११७ ९४७. एन म्हणजे २३ व ओ म्हणजे २४ धरून ते आंकडे शोधून काढावे, व मग ते घालून बाकी एक उरते कीं नाहीं तें पाहावें. भागाकार हातानें करावा. उत्तर पुढील सत्राच्या पहिल्या सोमवारीं गणिताच्या फलकावर लावूं.